जगद्दलची तहान

बिमल पाण्याचं भांडं उचलतो, रेडिएटरच्या तोंडाशी नेतो आणि ओततो. दृश्य एवढंच. पण त्याच वेळी ध्वनिपट्टीवर घटघट आवाज येतो, उन्हातान्हातून आलेल्या माणसानं तांब्या तोंडाला लावावा तसा, आणि प्रेक्षकांत हशा पिकतो. हशा ओसरला की जरा चमकायला होतं. आपण एका यंत्राची तहान ऐकली आणि त्यात आपल्याला काहीच वावगं वाटलं नाही.

‘अजांत्रिक’ हा ऋत्विक घटकांचा १९५८ सालचा बंगाली चित्रपट. लोकांसमोर आलेला त्यांचा पहिलाच. त्याआधी १९५२ मध्ये पुरा केलेला ‘नागरिक’ त्यांच्या हयातीत प्रदर्शित झाला नाही. तो १९७७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पडद्यावर आला. ‘अजांत्रिक’ची मूळ कथा सुबोध घोषांची. मुलूख रांचीकडचा, तेव्हा बिहारात असलेला आणि आज झारखंडात मोडणारा. बिमल नावाचा एकटा, तिरसट, हट्टी टॅक्सीवाला आणि त्याची १९२० सालची शेवरोले. तिचं नाव त्यानं जगद्दल ठेवलं आहे. पंधरा वर्षं ती त्याच्याकडे आहे. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर या खटाऱ्याची टर उडवतात आणि बिमल पेटून उठतो. काली बॅनर्जींनी हा बिमल असा उभा केला आहे की तो आवडतो आणि त्याच्याबरोबर एक दिवस काढायची वेळ येऊ नये असंही वाटतं.

घटघट आवाजाबद्दल समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं आहे. यंत्राला सजीव करण्याची ही घटकांची युक्ती, असा त्यांचा सूर असतो. तो खरा आहे, पण अर्धा. ज्यानं जुन्या गाडीत स्वतः पाणी घातलंय त्याला ठाऊक असतं की हा आवाज हवेतून आणलेला नाही. पाणी आटलेल्या रेडिएटरमध्ये हवा भरलेली असते. वरून धार पडली की त्या हवेला निसटायला मुख्य वाट तीच, जिथून पाणी आत शिरतंय. दोघांची एकाच तोंडाशी रेटारेटी होते, बुडबुडे फुटतात, गुडगुड ऐकू येते. घटकांनी ती गुडगुड मोठी केली आणि तिला घशाची लय दिली. म्हणजे त्यांनी खऱ्या आवाजावर कलाकुसर केली, खोटा आवाज चिकटवला नाही. म्हणूनच मोटारींत आयुष्य घालवलेला माणूसही हे दृश्य पाहताना नाक मुरडत नाही.

तो मात्र आपल्याला न सुचणारा प्रश्न विचारतो. इतका वेळ गटगटतेय म्हणजे आत पाणी फारच कमी होतं. मग होतं ते गेलं कुठं?

आपल्याकडच्या गॅरेजात ‘गाडी पाणी खातेय’ असं म्हणतात, आणि ते ऐकलं की मालकाचा चेहरा उतरतो. इंजिन तापण्याची कारणं चार आण्यांच्या क्लिपपासून अख्ख्या इंजिनकामापर्यंत काहीही असू शकतात. जाणता मिस्त्री पाना उचलण्याआधी विचारतो : कधी तापते? उभ्या उभ्या, गर्दीत, की मोकळ्या रस्त्यावर पळताना? एवढ्या एका उत्तरानं निम्मं कोडं सुटतं. गाडी थांबली असताना किंवा रांगताना तापत असेल तर हवा कमी पडतेय. पंख्याचा पट्टा ढिला असेल, रेडिएटरच्या जाळीत किडे, चिखल, गवत अडकलं असेल. वेगात असताना तापत असेल तर हवेचा तोटा नाही. पाणी फिरत नाहीये. नळ्या आतून बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, किंवा बाहेरून धडधाकट दिसणारा रबरी होज आतून सुटून बसला असेल. फक्त चढावर तापत असेल तर नजर टायमिंगकडे आणि कार्बोरेटरकडे जाते. ठिणगी उशिरा पडत असली तर जळण उशिरापर्यंत जळत राहतं आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती सिलिंडरच्या भिंतींना आणि सायलेन्सरच्या वाटेला तापवत बसते.

मग हाताचं काम. गाडी चालवून गरम करायची, इंजिन बंद करायचं आणि रेडिएटरच्या जाळीवरून तळहात सावकाश फिरवायचा. वरून खाली येताना ऊब हळूहळू उतरत गेली तर ठीक. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही हे समजावं. मला या तपासणीचं फार कौतुक आहे. इतक्या किचकट यंत्रातला दोष शोधायला माणूस स्वतःचं कातडं वापरतो, आणि ते बहुधा बरोबर सांगतं. शेवटची आणि महागडी शंका हेडगॅस्केटची. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू केलं आणि पाण्यात बुडबुड्यांची न थांबणारी माळ दिसली, किंवा डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालं, की सिलिंडर आणि पाणी यांच्यामधला पडदा फाटला हे ठरलंच.

जगद्दलच्या वयाच्या गाड्यांची गोष्ट याहून साधी आणि याहून बिकट होती. डॅशबोर्डावर तापमानाचा काटा नसे. हौशी मालक रेडिएटरच्या झाकणावर बॉइस मोटोमीटर नावाचं थर्मामीटर बसवत. त्याचा लाल रस चढताना ड्रायव्हरला काचेतून दिसे. ज्याच्याकडे तेही नाही त्यानं वाफ पाहायची, वास घ्यायचा आणि ऐकायचं. दाब धरणारं झाकणही नव्हतं. पुढच्या गाड्यांत ते आलं, आणि दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या बरंच वर गेल्यावर उकळू लागलं. जगद्दलच्या काळात पाणी उघड्यावर उकळायचं. रांची समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर आहे. तिथे पाण्याला उकळी फुटते ती ९८ अंशांच्या आसपास. त्यात छोटा नागपूरचे चढउतार, लाल धूळ, भरपूर प्रवासी आणि पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारी गाडी. चढावर इंजिन सगळ्यात जास्त उष्णता काढतं आणि नेमकी तेव्हाच गाडी सगळ्यात हळू असते, म्हणजे वाराही कमी. बोरघाटात बॉनेट उघडून, वाफेच्या ढगात उभ्या असलेल्या मोटारी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे गणित वेगळं सांगायला नको.

तेव्हा थोड्या थोड्या मैलांवर पाणी घालावं लागणं हा त्या गाड्यांचा आजार नव्हता, दिनक्रम होता. बिमल करतो ते कुठलाही टॅक्सीवाला करत असे. फरक इतकाच की तो ते करताना बोलतो. सुबोध घोषांच्या कथेतही तो गाडीला तहान लागली का म्हणून विचारतो. तिथे कागदावर ते वाक्य वाचताना बिमलचा विक्षिप्तपणा जाणवतो. पडद्यावर मात्र प्रश्नाला उत्तर मिळतं. घटकांनी दिलेलं ते उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे वेडा एकटा बिमल राहत नाही. खंडेनवमीला स्कूटरला झेंडूची माळ घालून कुंकू लावणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याला हसण्याचा अधिकार तसाही नाही.

आता त्या पाण्याकडे जरा जवळून पाहू. बिमल ते कुठून आणतो? विहीर, नळ, ओढा, वाटेत जे लागेल ते. त्या पाण्यात क्षार असतात. रेडिएटरमधून वाफ उडून जाते, क्षार आत राहतात. पुन्हा पाणी, पुन्हा वाफ, पुन्हा थोडे क्षार. घरातल्या बंबाच्या तळाशी धरते तीच खर नळ्यांच्या आत धरू लागते. तिच्यातून उष्णता नीट जात नाही, नळीचं तोंड अरुंद होतं, फिरणारं पाणी मंदावतं, गाडी अधिक तापते आणि अधिक पाणी मागते. पाजणाऱ्याचा हात जितका उदार तितका आतला थर जाड. पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरलं तर हे पुष्कळ टळतं. रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याला ते कुठून परवडणार?

पंधरा वर्षांच्या त्या प्रेमळ घोटांनी जगद्दलच्या नळ्या बुजत आणल्या असणार. घटकांच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण ‘अजांत्रिक’ पुन्हा पाहताना ते दृश्य मला यामुळे जास्त गडद वाटतं. बिमल गाडीला जे देतो ते माणसाला द्यायचं असतं : पाणी, शब्द, धीर. गाडीला हवं असतं ते दुसरंच. रेडिएटर उतरवून दोन्ही टाक्या सोडवाव्या लागतात, नळ्यांतून सळ्या घालून खर काढावी लागते, तेवढे दिवस धंदा बंद ठेवावा लागतो. जो रोज कमावून रोज खातो त्याला तहान भागवणं जमतं, उपचार जमत नाही. बिमलच्या भाबडेपणाला इथे पोटाचं कारण आहे आणि घटक ते कधी विसरत नाहीत. गाडी हे त्याचं पोट आहे, घर आहे आणि बोलायला असलेलं एकुलतं एक माणूसही तीच आहे.

चित्रपटात प्रवासी येतात आणि जातात. लग्नाला निघालेला नवरदेव आणि त्याचा मामा यांचा सुरुवातीचा भाग धमाल आहे, थोडा लांबलेलाही. मग प्रियकराबरोबर पळून आलेली आणि त्यानं वाऱ्यावर सोडलेली एक तरुणी येते. बिमलच्या आयुष्यात पहिल्यांदाच हाडामांसाच्या कुणाबद्दल तरी कालवाकालव होते, आणि ती काय आहे हे त्याला कळत नाही. तिला स्टेशनवर पोचवून परतताना जगद्दल बसतो. याला गाडीचा मत्सर म्हणायची रीत आहे. घटकांनी तसं सुचवलंही आहे. हेडलाइट डोळ्यांसारखे वागतात, आवाज बदलतात. पण गॅरेजच्या बाजूनं पाहिलं तर त्या दिवशी बिमलचं कानावर लक्ष नव्हतं. जुनी गाडी चालवताना ड्रायव्हर सतत ऐकत असतो : टॅपेटची टकटक वाढली का, इंजिन कण्हायला लागलं का, वाफेची सिसकारी येतेय का. काटा नसलेल्या गाडीत कान हाच काटा. तो दुसरीकडे गेला की चढ कधी जड झाला ते कळत नाही. मत्सर आणि दुर्लक्ष ही दोन्ही स्पष्टीकरणं इथे एकाच वेळी लागू पडतात, एक दुसऱ्याला खोडत नाही. पटकथेची ही ताकद मला सगळ्यात मोठी वाटते.

त्यानंतरचा भाग हा चित्रपटाचा कणा. बिमल हट्टाला पेटतो, होतं नव्हतं ते गाडीत घालतो, सुटे भाग आणतो, दुरुस्ती करतो. गाडी चालते. इथे दुसरा कुणी थांबला असता. बिमल तिच्यात मोठमोठे दगड भरतो. दुरुस्तीनंतर भार घालून ट्रायल घेणं यात वेडगळ काही नाही. रिकामी गाडी सपाटीवर चालली म्हणजे ती बरी झाली असं कुठलाच मिस्त्री मानत नाही. पण ट्रायल बेतानं घ्यायची असते. थोडा भार, थोडा चढ, थांबून हात लावून बघायचं, पाणी तपासायचं, मग पुढचा टप्पा. नवीन काम झालेल्या इंजिनाला तर सुरुवातीचे काही शे मैल जपूनच चालवतात, कारण घासणारे भाग एकमेकांत बसेपर्यंत ते जास्त तापतं. बिमलला तपासायचं नाहीये, त्याला कबुली हवी आहे. ‘तू अजून माझा आहेस ना’ हा प्रश्न तो दगडांनी विचारतो. जगद्दल कोसळतो. आतापर्यंत गाडीशी लाडात बोलणारा बिमल मग तिच्यावर ज्या तऱ्हेनं संतापतो ते पाहताना अंगावर काटा येतो. काली बॅनर्जींच्या अभिनयाची उंची इथे आहे. सगळं प्रेम एका झटक्यात आतबाहेर उलटं होतं आणि तरी माणूस तोच राहतो.

शेवटी भंगारवाला. मूळ कथा इथे कठोर आहे. ती १९४०च्या सुमाराची. तिच्यातली गाडी शेवरोले नसून जुनी फोर्ड आहे. नशेत पडलेल्या बिमलला गाडी तोडल्याचे घाव ऐकू येतात, कुणीतरी कबर खणत असल्यासारखे, आणि कथा त्या ठोक्यांवरच संपते. लेखक वाचकाला सुटका देत नाही. घटकांनी शेवट बदलला. जगद्दलचे तुकडे गाड्यांवर लादून जातात, बिमल पाहत राहतो आणि मग कुठूनतरी त्याच हॉर्नचा आवाज येतो. एक लहान पोर तो सापडलेला हॉर्न दाबत खिदळत असतं. बिमलच्या डोळ्यांत पाणी आहे आणि चेहऱ्यावर हसू. हा शेवट फार गाजला. मला स्वतःला घोषांचा शेवट जास्त खरा वाटतो. पण घटकांचा चित्रपट आवाजांनी विणलेला आहे, आणि गाडीचा शेवटचा उरलेला अवयव म्हणून त्यांनी आवाज करणाराच भाग निवडावा हे त्यांच्या विणीशी इमान राखून आहे. रेडिएटर, इंजिन, चाकं वजनावर विकली जातात. हॉर्न तेवढा पोराच्या हातात राहतो.

ओराँव आदिवासींची नाचगाणी, मिरवणूक, निशाणं हा भाग काही प्रेक्षकांना उपरा वाटतो. ‘अजांत्रिक’च्या आधी घटकांनी याच मुलखातल्या आदिवासींवर लघुपट केले होते आणि त्यांना त्या जगाची ओढ होती. निर्जीव वस्तूत जीव पाहणाऱ्या समाजाच्या शेजारी गाडीशी बोलणारा टॅक्सीवाला ठेवावा, हा विचार उघड आहे. विचार म्हणून पटतो, चित्रपट म्हणून तिथे लय सैल पडते. त्याउलट बुलाकी हा वेडा आणि त्याचं जुनं भांडं पाहा. जुन्या भांड्याला कवटाळून बसणाऱ्या बुलाकीला नवं मिळतं आणि तो जुनं विसरूनही जातो. केश्तो मुखर्जींनी ती भूमिका केली आहे. आपल्याकडे पुढे ते हिंदी पडद्यावरचे दारुडे म्हणून ओळखले गेले. बुलाकीच्या त्या छोट्याशा प्रसंगात सगळ्या चित्रपटाचं दुसरं टोक दिसतं, आणि घटक तिथे बोट दाखवायला थांबत नाहीत. अली अकबर खाँचं संगीत आणि दिनेन गुप्तांचं छायाचित्रण यांवर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

मराठी वाचकाला घटक परके नाहीत. १९६०च्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते, काही काळ उपप्राचार्यही होते. मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी. आणि टॅक्सीवाला आणि त्याची म्हातारी गाडी यांचा संसार तर मुंबईनं अगदी परवापर्यंत पाहिला. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी शहरातून गेली. वयाची वीस वर्षं भरली की टॅक्सी बाद, हा नियम. तिथे दगड भरून परीक्षा घ्यावी लागली नाही, तारखेनं काम केलं.

मोटार मध्यभागी ठेवून आपल्याकडे थोडेच चांगले चित्रपट झाले. सत्यजित राय यांच्या ‘अभिजान’मध्ये (१९६२) नरसिंग आणि त्याची १९३० सालची क्रायस्लर आहे. तो चित्रपट बांधणीनं अधिक घट्ट आहे, अभिनयाला अधिक समतोल आहे, त्यात ‘अजांत्रिक’सारखे सैल सांधे नाहीत. पण तिथे क्रायस्लर ही नरसिंगची ऐट आहे आणि ऐटीपलीकडे ती फारशी जात नाही. तिचं इंजिन काय म्हणतंय याची रायना गरज पडली नाही. घटकांनी यंत्राचं ऐकून घेतलं. दोन्हींतला एकच निवडायचा झाला तर सगळे दोष धरून मी ‘अजांत्रिक’ निवडीन.